घामाचा वास आणि आंघोळ: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खोकल्याचं, पित्ताचं, गुडघ्याचं औषध लोक काउंटरवर मोठ्यानं मागतात. अंगाच्या वासाचं काही हवं असलं की मात्र आधी बाकीची गिऱ्हाइकं जाऊ देतात, तोवर टूथब्रशच्या पाकिटांवरचे भाव वाचत उभे राहतात, आणि मग आवाज उतरवून म्हणतात, "अण्णा, ते काखेचं काय आहे का?" सोलापूरच्या पूर्व भागातल्या माझ्या मेडिकलमध्ये मार्च ते जून हा प्रश्न रोज येतो. कुजबुजत विचारलेले ते सगळे प्रश्न इथं उत्तरांसह लिहून काढलेत. मी औषधविक्रेता आहे, डॉक्टर नाही. डॉक्टरांकडे जायला हवं तिथं तसं म्हटलंय.

घामाला वास का येतो?

ताज्या घामाला जवळजवळ वासच नसतो. आपल्या अंगावर घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी असतात आणि त्यातल्या बहुतेकींतून निघतं ते नुसतं खारट पाणी. अंग थंड ठेवणं हे त्याचं काम. शर्टाच्या पाठीवर वाळून पांढरे नकाशे काढतो तो हा घाम. काखेत आणि जांघेत मात्र दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी असतात. त्या वयात येताना जाग्या होतात आणि त्यांच्या घामात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं असतात. कातडीवर कायमचे मुक्कामाला असलेले कोरिनेबॅक्टेरियम, स्टॅफिलोकॉकस असे जिवाणू त्यावर जगतात. त्यांनी तो घाम पचवला की आंबूस आम्लं आणि गंधकाची संयुगं सुटतात. काखेतून कापलेल्या कांद्यासारखा दर्प येतो तो या गंधकाचा.

म्हणजे घाम हवा, जिवाणू हवेत आणि ओल टिकायला वेळ हवा. तिन्ही जमले की वास. आंघोळीनं घाम आणि थोडे जिवाणू वाहून जातात, पण ओल आपण बहुतेक वेळा स्वतःच मागे ठेवतो.

मी सकाळ-संध्याकाळ आंघोळ करतो, तरी दुपारी वास येतोच. असं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी आंघोळ कशी करता ते बघा. बहुतेक पुरुष छाती आणि पोट भरपूर चोळतात, कारण हात तिथं सहज पोचतो आणि फेसही छान दिसतो. काखेत साबण एकदा फिरतो, जांघेत घाईनं, पायाच्या बोटांमध्ये कधीच नाही. छाती-पोटाला वास नसतोच मुळी! जिथं वास तयार होतो तिथं साबणाचा हात दोन वेळा, बोटांनी चोळून, निदान अर्धा मिनिट फिरायला हवा.

मग अंग पुसणं. मोरीतून बाहेर येताना पाठ ओली, काखा ओल्या, आणि त्यावर तसाच बनियन चढवला की तुम्ही जिवाणूंना पाणी घालून निघालात. काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या झाल्याशिवाय कपडा अंगावर घालू नका. दोन मिनिटं पंख्याखाली उभं राहिलात तरी चालतं. पुष्कळांचा अर्धा त्रास एवढ्यावर जातो, असं मी काउंटरवर बघत आलोय, आणि यात माझी विक्री काहीच होत नाही.

तिसरं कारण कपडे. त्याचा प्रश्न पुढं येतोच.

आणि काखेतले केस. ते घाम आणि जिवाणू दोन्ही धरून ठेवतात. कात्रीनं बारीक केले तरी फरक पडतो, गुळगुळीत करायची गरज नाही. त्यात पुरुषांनी लाजण्यासारखंही काही नाही.

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. रोज आंघोळ करायची कशानं?

पाणी उजनीचं असो नाहीतर टाकळी-हिप्परग्याचं, ते पिंपात भरून पुरवायचं हे सोलापूरच्या घरांना नवीन नाही. शॉवरखाली मिनिटाला दहा लिटरच्या आसपास पाणी सहज जातं, त्यामुळे शॉवरवाल्यांचे लेख आपल्या उपयोगाचे नाहीत. आपल्याला अर्ध्या बादलीची आंघोळ यायला पाहिजे, आणि ती नीट केली तर पुरते.

दोन तांबे अंगावर घेऊन थांबा. ओल्या हातानं साबण आधी काखेत, मग मानेमागे, कानामागे, स्तनांखाली किंवा पोटाच्या वळीखाली, जांघेत, शेवटी पायांच्या बोटांत. हात, पाय, पाठ यांना रोज साबण नसला तरी चालतो. नुसतं पाणी पुरे, फक्त धुळीचं काम असेल तेव्हा लावा. मग उरलेलं पाणी वरून खाली. आठ-दहा लिटरमध्ये व्यवस्थित उरकतं.

पाणी अगदीच संपलं असेल तर एक तांब्या आणि एक ओला फडका: काखा, जांघा, पाय साबणानं पुसायचे, दुसऱ्यांदा साध्या पाण्यानं पुसायचे, कपडे बदलायचे. घरातली मोठी माणसं पारोसं म्हणतील ते म्हणोत, वासापुरतं काम झालेलं असतं. याच्या उलट तीन तांबे डोक्यावरून घेऊन "हर हर गंगे" म्हणत बाहेर पडणारी कावळ्याची आंघोळ. ती धर्माच्या हिशोबात बसत असेल, काखेच्या हिशोबात बसत नाही.

एक जोडून सांगतो. साठवलेलं पिंप झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा रिकामं करून घासून वाळवा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो.

बोअरच्या पाण्यात साबणाला फेसच येत नाही. अंग चिकट राहतं.

पाणी जड आहे. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो तो पांढरट थर तोच, आणि तुमच्या कातडीवरही तोच बसतो. त्यासाठी साबण आणखी घासला तर साका आणखी होतो. पाणी भरून ठेवता त्यातलं एक-दोन तांबे नळाचं पाणी शेवटच्या धुण्यासाठी राखून ठेवा. किंवा ज्यात साबण नसतो असे क्लिन्झिंग बार मिळतात ते घ्या. जड पाण्यात ते साका करत नाहीत, पण महाग असतात. डोक्यावरचे केस राठ होण्यामागेही बऱ्याचदा हेच पाणी असतं.

कोणता साबण चांगला? जंतुनाशक घ्यावा का?

वेष्टनावर 'टीएफएम' असा आकडा असतो तो वाचा. साबणात स्निग्धाम्लं किती टक्के आहेत ते त्यावरून कळतं. भारतीय मानकानुसार पहिल्या दर्जाच्या टॉयलेट सोपमध्ये ते किमान ७६ टक्के लागतं, दुसऱ्यात ७० आणि तिसऱ्यात ६०. 'बेदिंग बार' असं लिहिलेली वडी म्हणजे टॉयलेट सोप नव्हे. तिथं ४० टक्क्यांवरही भागतं. जाहिरातीतल्या नटीपेक्षा हा आकडा खरं बोलतो.

जंतुनाशकाची रोज गरज नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ घटक घरगुती साबणांतून काढायला लावले, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते सरस आहेत असं कंपन्यांना दाखवून देता आलं नाही. काखेचा वास फारच हट्टी असेल तर मुरमांसाठी मिळणारा बेंझॉइल पेरॉक्साइडचा फेसवॉश काखेत एक-दोन मिनिटं ठेवून धुणं हा उपाय त्वचेचे डॉक्टर सांगतात. त्यानं रंगीत कपड्यांचा आणि टॉवेलचा रंग उडतो, एवढं लक्षात ठेवा. माझ्या घरातल्या एका निळ्या टॉवेलवर त्याचे डाग अजून आहेत.

डिओ मारूनही तासाभरात वास येतो.

कारण बहुतेक डिओ म्हणजे मद्यार्कात मिसळलेलं अत्तर. वासावर वास चढवायचा. दुपारी दोन वाजता रिक्षात ते दोन्ही वास मिळून जो प्रकार होतो, त्यापेक्षा नुसता घाम बरा. घाम कमी करणारी वस्तू वेगळी, तिला अँटीपर्स्पिरंट म्हणतात. तिच्यावर ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट किंवा ॲल्युमिनियम क्लोराइड असं लिहिलेलं असतं. हे क्षार घामाच्या ग्रंथींच्या तोंडाशी तात्पुरती गुठळी करून बसतात.

लावायची वेळ मात्र जवळजवळ सगळे चुकवतात. सकाळी आंघोळ करून ओल्या काखेत लावलं की जळजळतं आणि वाहून जातं. रात्री झोपताना, काख पूर्ण कोरडी करून लावायचं. रात्री घाम कमी असतो म्हणून ते आत टिकतं. सकाळच्या आंघोळीनं परिणाम जात नाही. आठवडाभर रोज, मग दोन-तीन दिवसांनी एकदा.

यानं कॅन्सर होतो असं फोनवर फिरत असतं. तसा संबंध सिद्ध झालेला नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

तळहातातून घाम ठिबकतो, परीक्षेचा पेपर ओला होतो, असा त्रास असेल तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत: पाण्यातून सौम्य वीज देण्याची पद्धत, गोळ्या, काखेसाठी बोटॉक्सची इंजेक्शनं. इंजेक्शनांचा परिणाम सहा महिन्यांच्या आसपास टिकतो. त्वचेच्या डॉक्टरांना भेटा.

तुरटी, लिंबू, खाण्याचा सोडा यांतलं काय चालतं?

तुरटी चालते. दाढीनंतर न्हावी फिरवतो तीच. ती पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचा क्षार आहे, जिवाणूंची वाढ रोखते, थोडी तुरट असल्यानं कातडी आवळते. खडा ओला करून धुतलेल्या काखेत फिरवा, वाळू द्या. परिणाम सौम्य असतो, पण दहा-वीस रुपयांत वर्ष निघतं. नुकतंच ब्लेड फिरवलेलं असेल तर त्या दिवशी नको.

लिंबू नको. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं की कातडी अक्षरशः भाजते, फोड येतात आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात. सोलापूरच्या उन्हात हा प्रयोग कशाला? सोडाही नको. कातडी किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच पाचच्या आसपास, आणि सोडा उलट्या टोकाचा. आठवड्याभरात काख लाल होऊन लोक माझ्याकडेच मलम मागायला येतात.

धुतलेला शर्ट इस्त्री करताना वास मारतो. कपड्यालाच काही झालंय का?

झालंय. पॉलिस्टरचा धागा पाणी पीत नाही पण तेलकट पदार्थ घट्ट धरतो. घामातले स्निग्ध भाग आणि त्यांचे वासाचे तुकडे त्यात बसतात आणि साध्या धुण्यानं निघत नाहीत. इस्त्रीची उष्णता किंवा तुमच्या काखेची ऊब मिळाली की पुन्हा उठतात. मग माणूस ताज्या आंघोळीनंतरही दहा मिनिटांत वासाळतो आणि दोष स्वतःला देतो. शर्ट उलटा करून काखेच्या जागी साबण लावून अर्धा तास ठेवा, मग धुवा, आणि उलटाच उन्हात वाळत घाला. तरी वास राहिला तर त्या शर्टाला रामराम करा. उन्हाळ्यासाठी सुती घ्या. आपलं गाव सुताचं आहे, सुती कपड्याचे गुण मी तुम्हाला काय सांगणार.

टॉवेलला कुबट वास येतो. रोज आंघोळीनंतर तोच अंगाला लागतो असं वाटतं.

वाटत नाही, लागतोच. ज्या गावाच्या टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे त्या गावात अर्धे लोक ओला टॉवेल खिळ्याला चुरगळून टांगतात, हे बघून मला आश्चर्य वाटतं.

टर्किश टॉवेलवर सुताचे उभे फासे असतात. त्यामुळे तो पाणी भरपूर पितो, आणि त्यामुळेच वाळायला वेळ घेतो. ओला राहिलेल्या कपड्यात मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू वाढतो. कुबट वास येतो तो त्याच्यामुळे, हे जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं. हा जिवाणू कोरडेपणातही तग धरतो, म्हणून एकदा वास लागला की साध्या धुण्यानं जात नाही. टॉवेल गरम पाण्यात काढा, कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. आपल्याकडे पाण्याची तूट असेल, उन्हाची नाही. गच्ची नसेल तर दोरीवर पूर्ण पसरून पंख्याखाली घाला. तीन-चार वेळा वापरला की धुवा.

घरात प्रत्येकाला वेगळा टॉवेल हवा, त्यात तडजोड नको. सहाजणांत दोन टॉवेल असतील तर नायटा सगळ्यांना वाटून मिळतो. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण टॉवेलला घालू नका, त्याचा थर बसून टॉवेल पाणी प्यायचं कमी होतो. कोरा टॉवेलही पहिल्या दोन-तीन धुण्यांपर्यंत नीट टिपत नाही, तेवढ्यावरून तो खराब म्हणू नका. आणि शक्य असेल तर रोजच्यासाठी पातळ पंचा ठेवा. तो तासाभरात वाळतो. आमच्या घरी जाड टॉवेल पाहुण्यांना आणि पंचा घरच्यांना, असंच होतं, आणि त्यात कंजूषपणापेक्षा शहाणपण जास्त होतं.

मागावर काम करतो, बाई विड्या वळते. आमच्या वासाला आंघोळ पुरतच नाही.

यंत्रमागाच्या शेडमध्ये बारा तास उभं राहणाऱ्याला घाम येणारच. अंगावर सुताचा धुरळा बसतो आणि घामात भिजून चिकटतो. कामाचे कपडे वेगळे ठेवा, ते घरातल्या खुंटीवर इतर कपड्यांबरोबर लावू नका. मधल्या सुट्टीत दुसरा बनियन घालता आला तर त्याचा उपयोग डिओपेक्षा जास्त होतो. घरी आल्यावरची आंघोळ महत्त्वाची. एकच आंघोळ परवडत असेल तर ती कामानंतर करा, सकाळी तोंड, काखा आणि पाय धुतले तरी भागतं.

विड्या वळणाऱ्या अक्का-मावश्यांचा वास घामाचा नसतोच, तंबाखूचा असतो. तो साडीत, केसांत बसतो. कामाला बसताना जुनी साडी आणि डोक्याला फडकं, उठल्यावर ती साडी बदलून हात कोपरापर्यंत साबणानं धुणं, मगच चुलीकडे किंवा लेकराकडे. तंबाखूतलं निकोटिन कातडीतून अंगात जातं, त्यामुळे हे वासापुरतं राहत नाही.

आणि ज्यांना सिटी बसमध्ये या माणसांच्या शेजारी बसल्यावर नाकाला रुमाल लावायची सवय आहे, त्यांच्या घरातली चादर कुणीतरी अशाच घामात विणलेली असते.

शेंगा चटणी आणि लसूण सोडला तर वास जाईल का?

कडक भाकरी आणि शेंगा चटणी सोडायला सांगणारा सोलापुरात टिकायचा नाही. लसणातला गंधकाचा एक भाग रक्तात जातो आणि श्वासातून तासन् तास निघत राहतो, हे खरं. दात घासून तो जात नाही, कारण तो तोंडातून नाही, फुप्फुसातून येतो. पण काखेच्या वासाचं म्हणाल तर चेक प्रजासत्ताकात थोड्या पुरुषांवर प्रयोग झाला, आणि १२ ग्रॅम लसूण खाल्लेल्यांच्या काखेचा वास बायकांना न खाल्लेल्यांपेक्षा बरा वाटला. प्रयोग लहान होता, त्यावर घर बांधू नका, पण चटणी खायला एवढा आधार पुरे.

मेथीची गंमत वेगळी. बाळंतिणीला मेथीचे लाडू सुरू केले की घामाला आणि लघवीला गोडसर, पाकासारखा वास येतो. मेथीतल्या सोटोलोन नावाच्या द्रव्याचा तो वास असतो. घाबरायचं कारण नाही. दारू आणि खूप तिखटानं घाम वाढतो, तेवढ्यापुरता वासही.

काही जणांना वास येतच नाही. ते काय करतात?

काही करत नाहीत, नशीबवान असतात. एबीसीसी ११ नावाचं एक जनुक आहे. त्याचा एक प्रकार असलेल्यांच्या काखेतल्या घामात जिवाणूंचं खाद्यच फारसं उतरत नाही. कोरिया, चीन, जपानमध्ये असे लोक पुष्कळ आहेत. याच जनुकावरून कानातला मळ ओला की कोरडा हेही ठरतं. तुमच्या कानातला मळ कोरडा, भुसभुशीत असेल तर काखेचाही त्रास कमी असण्याची शक्यता आहे. बाकीच्यांनी पंख्याखाली उभं राहावं.

बूट काढले की घरातले बाहेर जातात.

पायाला काखेसारख्या ग्रंथी नसतात, पण घामाच्या साध्या ग्रंथी दाट असतात आणि मोज्यात ओल कोंडते. तिथले जिवाणू आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार करतात. नासलेल्या दह्याच्या जवळ जाणारा वास असतो त्याचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत सेफ्टी शूज घालून आठ-दहा तास काढणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. मोजे सुती, रोज धुतलेले, जमलं तर दुपारी बदललेले. बुटाचे दोन जोड आलटून पालटून वापरा, म्हणजे एकेकाला वाळायला एक दिवस मिळतो. घरात आल्यावर आतलं सोल काढून ठेवा. टाचेला वज्री फिरवून मेलेली कातडी काढत जा, कारण जिवाणू भिजलेल्या कातडीवरच जगतात.

तळव्यावर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसत असतील आणि वास अतिशय असेल तर तो जिवाणूंचा संसर्ग आहे. लावायच्या औषधानं काही आठवड्यांत जातो, डॉक्टरांना दाखवा.

जांघेत वासाबरोबर खाज आणि गोल चट्टे आहेत. एखादी ट्यूब द्या की.

देत नाही. पूर्वी मीही दिल्यात, म्हणून सांगतो. स्टेरॉइड, जंतुनाशक, बुरशीनाशक असं सगळं एकत्र घोटलेली मलमं लावली की खाज दोन दिवसांत थांबते आणि माणूस खूश होतो. खालची बुरशी मात्र स्टेरॉइडच्या आडोशानं पसरते. महिन्याभरानं चट्टे दुप्पट, कातडी पातळ, वर पांढऱ्या रेघा. देशभरात आज नायटा औषधांना दाद देईनासा झालाय, त्यात या ट्यूबांचा वाटा मोठा आहे. सिव्हिलमध्ये त्वचारोगाची ओपीडी आहे, तिथं जा. उपचार काही आठवडे चालतात, चट्टा दिसेनासा झाला तरी मध्येच सोडायचे नाहीत, आणि घरात ज्यांना ज्यांना असेल त्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यायचे.

पाळीत आंघोळ, विशेषतः डोक्यावरून, करावी का?

करावी. न करण्याला आरोग्याचं काहीच कारण नाही. पॅड चार ते सहा तासांनी बदला, कापड वापरत असाल तर ते कडक उन्हात वाळवा, पलंगाखाली लपवून नको. बाहेरून साधं पाणी पुरतं. आतून धुण्याची सुगंधी औषधं घेऊ नका, त्यांनी तिथले उपयोगी जिवाणू मरतात आणि त्रास वाढतो. पांढरं जात असेल आणि त्याला मासळीसारखा वास असेल तर डॉक्टरांकडे जा, साधा उपचार असतो. माझ्याकडे हा प्रश्न बहुतेक वेळा नवरा चिठ्ठीवर लिहून आणतो. बाईला स्वतः येता आलं तर बरं होईल.

उन्हातून आल्याबरोबर गार पाणी अंगावर घेतलं तर चालतं का?

धडधाकट माणसाला चालतं. "आधी घाम जिरू दे" हे आजीचं म्हणणं मोडायची गरज नाही, दहा मिनिटं बसून पाणी प्या, मग घ्या. पण ४२-४३ अंशांच्या दुपारी कुणाचं अंग तव्यासारखं तापलं असेल आणि तो बरळत असेल, झोकांड्या खात असेल किंवा शुद्धीवर नसेल, तर वाट बघायची नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

सात वर्षांच्या मुलीच्या काखेला मोठ्यांसारखा वास येतो.

आठच्या आत मुलीला आणि नऊच्या आत मुलाला असा वास येऊ लागला तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या. बऱ्याचदा काही निघत नाही, पण वयात येणं फार लवकर सुरू झालंय का ते बघायला हवं.

सासऱ्यांच्या खोलीत एक वेगळाच वास असतो, रोज आंघोळ घालूनही.

उतारवयात कातडीवरच्या तेलातून २-नोनेनाल नावाचं द्रव्य तयार होतं, जुन्या कागदासारखा, जरा खवट वास. जपानमध्ये २००१ साली ते शोधलं गेलं. ते आजोबांच्या अस्वच्छतेचं लक्षण नव्हे, सूनबाईंच्या कामचुकारपणाचं तर मुळीच नव्हे. उशीचे अभ्रे आणि बनियन वारंवार बदला, खिडकी उघडी ठेवा. लघवीचा वास असेल तर मात्र त्याची वेगळी तपासणी हवी.

वास अचानक बदलला तर काळजी करायची का?

करायची. मधुमेह असलेल्याच्या श्वासाला पिकल्या फळासारखा वास, सोबत उलट्या, धाप, गुंगी: त्याच तासाला दवाखाना. श्वासाला अमोनियासारखा वास आणि पायाला सूज: मूत्रपिंड तपासा. रात्री कपडे भिजतील इतका घाम, बारीक ताप आणि वजन उतरणं: क्षयाची तपासणी करा, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. छाती धडधडणं, वजन घटणं आणि सारखा घाम: थायरॉइड. अंगाला कायम मासळीसारखा वास येण्याचा एक जन्मजात आजारही आहे, पण तो फार दुर्मिळ.

घरचे म्हणतात वास येत नाही, मला मात्र खात्री आहे की येतो.

स्वतःच्या वासाला नाक सरावतं, त्यामुळे आपल्याला आपला वास कळत नाही हे खरं. दिवसभर घातलेला शर्ट पिशवीत बांधून ठेवा आणि सकाळी ताज्या नाकानं हुंगा. किंवा तुमच्याशी खोटं बोलणार नाही अशा एका माणसाला विचारा. दोघांनीही नाही म्हटल्यावर, तरी दिवसातून चार-पाच आंघोळी होत असतील, लग्नकार्य टाळलं जात असेल, कुणी खोकलं की आपल्यामुळेच असं वाटत असेल, तर तो मनाचा त्रास आहे. मनोविकारतज्ज्ञांकडे त्यावर चांगले उपचार मिळतात. अशा एका मुलाला मी दीड वर्ष नवनवे डिओ विकत होतो. ते माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

ऑफिसमधल्या सहकाऱ्याला कसं सांगू?

एकट्यानं, एकट्याला, दिवस संपताना. सकाळी सांगितलंत तर बिचारा दिवसभर काखा आवळून बसेल. "राग मानू नका, मला कुणी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं म्हणून सांगतोय, शर्टाला घामाचा वास धरतोय," एवढंच. शर्टावर ढकला, माणसावर नको. टेबलावर डिओची बाटली ठेवून जाणं, "आंघोळीची गोळी घेतली का" असे टोमणे, ग्रुपवर विनोद, हे सगळं भेकडपणाचं आहे. आणि वासावरून कुणाची जात, वस्ती, खाणं काढणारे भेटले तर त्यांना थांबवायला घाबरू नका.

दिवाळीचं उटणं रोज लावलं तर?

नागरमोथा, वाळा, कचोरा, संत्र्याची साल: वास सुंदर असतो. पण रोज घासायला ते खरखरीत आहे. तेल लावून मग उटणं ही नरकचतुर्दशीची रीत मात्र सोलापूरच्या कोरड्या थंडीत अगदी योग्य. एरवी हिवाळ्यात आंघोळ फार कढत पाण्यानं करू नका आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल लावा.

सोलापुरी चादर किती दिवसांनी धुवावी?

पांघरायची असेल तर उन्हाळ्यात दोन आठवड्यांनी, हिवाळ्यात महिन्यानं. कोरी चादर पहिल्यांदा वेगळी भिजवा, रंग सोडते. ओली चादर एकट्याला पिळवत नाही, त्यामुळे नळाला पाणी आलेला दिवस आणि घरात दुसरं माणूस असलेला दिवस एकच गाठा. मधल्या काळात आठवड्यातून एकदा गच्चीवर उन्हात टाका, दुपारी पलटा, आणि संध्याकाळी आत आणताना जोरात झटका. शेजारच्यांचे कपडे दोरीवर नाहीत ना, ते आधी बघून.